हजेरीची चार मिनिटं

ऑनलाईन अभ्यासक्रमात नाव घालणारे पुष्कळ, तो पुरा करणारे थोडे. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या अशा अभ्यासक्रमांचा एक हिशेब २०१९ साली प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नोंदणी केलेल्यांपैकी शेवटपर्यंत पोहोचले ते शंभरात जेमतेम तीन. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र हेच प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं. खिशाला चाट बसली की माणूस नेट धरतो, असं म्हणून विषय संपवता आला असता. पण माझ्या वर्गात फी नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्रही नाही. तिथं मुलांनी कशासाठी टिकावं?

शाळेतून निवृत्त झाल्यावर २०२१च्या जूनपासून मी दर शनिवारी संध्याकाळी बेळगावातून मुलांना मराठी लिहा-वाचायला शिकवते. मुलं मूळची आमच्याच भागातल्या घरांतली, पण राहायला धारवाड, बेंगळूरु, हैदराबाद इथं. शाळेत कन्नड, इंग्रजी, कुठं तेलुगू. मराठी घरात, तीही बहुधा आजीपुरती. एखाद्या शनिवारी ‘आज नको’ झालं, की पुढच्या शनिवारी तेच म्हणणं सोपं जातं. आणि आजोबांनी जपून ठेवलेली पत्रं वाचणारं त्या घरात कुणी उरत नाही. कुणाला चुकल्यासारखंही वाटत नाही. मार्कांचं तर नुकसान नसतंच.

मी फुकटची सोय वापरते. ती ४० मिनिटांनी आपोआप बंद पडते. शाळेतला तासही साधारण तेवढाच असायचा, त्यामुळे माझं काही अडत नाही. त्यातली चार मिनिटं मी हजेरीला देते. ‘मावशी, कोण आलंय ते पडद्यावर दिसतंच की,’ असं आमचा भाचा म्हणतो. दिसतं खरं. पण आपलं नाव दिसणं वेगळं आणि ते कुणीतरी घेणं वेगळं. शिवाय ‘हजर’ म्हणायचं नाही, दुपारी काय जेवलात ते एका वाक्यात सांगायचं, असा आमचा नियम आहे. ‘भेंडी. परत भेंडी.’ एवढं बोललं तरी पोराचा आवाज मोकळा होतो आणि पुढं धडा वाचायला तो कचरत नाही.

‘समजलं का?’ हा प्रश्न मी केव्हाच सोडून दिला आहे. वर्गात मुलांच्या चेहऱ्यावरून कळायचं, इथं त्याला नुसती शांतता मिळते. त्याऐवजी मी प्रश्न देते, सगळ्यांनी उत्तर लिहून ठेवायचं, आणि मी ‘तीन’ म्हटलं की एकदम पाठवायचं. सगळी उत्तरं एका झुंडीनं येतात. पहिला कोण, शेवटचा कोण, कळतच नाही. हळू लिहिणाऱ्यांना याचा फार आधार वाटतो. कॅमेरा लावण्याची सक्ती नाही. एका खोलीच्या घरात मागं रात्रपाळी करून आलेले वडील झोपलेले असतात, ते जगाला कशाला दाखवायचे?

पण काळ्या पडद्यामागं नेहमी झोपलेले वडीलच असतात असं नाही. धारवाडचा एक मुलगा होता. हजेरीला म्हणाला, ‘बस उशिरा आलं, चपाती गार झालं.’ लगेच दोघातिघांनी हसरे चेहरे पाठवले. त्या शनिवारी त्यानं कॅमेरा बंद केला, नंतरचे दोन शनिवार तो आलाच नाही. तंबी देऊन मुलं हसायची थांबली असती, पण तो परत आला असता का? मी मुलांना त्याच्या बोलण्यामागचं व्याकरण सांगितलं. कन्नडात निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. बस बंतु, पत्र बंतु, सगळ्याला एकच बंतु. म्हणजे तो नियमानंच बोलत होता. उलट आपल्या मराठीत भिंत ती, दगड तो आणि घर ते का, याचं उत्तर एकालाही देता येईना.

मग त्याला निरोप पाठवला, लेखी नव्हे, आवाजात, नाव घेऊन: ‘कन्नडातून मराठीत आलेले शब्द हवेत. वर्गात तुझ्याइतकं कन्नड कुणाला येत नाही. शनिवारी घेऊन ये.’ अशा वेळी ‘छान, शाब्बास’ची खैरात मुलांना बरोबर ओळखू येते, काम सोपवलं तर ती ताठ होतात. तो आला. आजीला विचारून यादी केली होती: अण्णा, अक्का, अडकित्ता, तूप. ‘तूप पण कन्नड?’ हैदराबादची मुलगी ओरडलीच. ‘तुप्प,’ त्यानं शांतपणे सांगितलं. तेव्हापासून दर शनिवारी एकजण घरातला एक शब्द आणतो आणि बाकीचे त्याला प्रश्न विचारतात. ती दहा मिनिटं माझी नसतातच.

तरी सगळी टिकली असं नाही. यंदा तिघं गळाली. त्यांची नावं मी हजेरीत अजून घेते. एक मुलगी अशीच दोन महिन्यांनी परत आली. मैत्रिणीनं तिला सांगितलं होतं, ‘बाई तुझं नाव घेतात गं.’

धारवाडकर आता वहीचे फोटो न चुकता पाठवतो. लिंगाचा घोळ मिटलेला नाही. गेल्या शनिवारी हजेरीला म्हणाला, ‘बाई, दिवाळीची खरेदी झालं.’

‘झाली,’ हैदराबाद.

‘हां, झाली. कन्नडात एकच आयतु. तुमच्यात झाला, झाली, झालं. तीन-तीन कशाला लागतात?’

त्यावर वर्गात असा वाद पेटला की धडा राहिलाच, आणि ४० मिनिटं संपून पडदा बंद पडला.