उघडणारी खिडकी

टोरांटो, २१ जून

प्रिय मंदा,


निघताना तू विचारलं होतंस, "ताई, पुढच्या वर्षी आम्ही येऊ तेव्हा शहरात राहायचं की डोंगरात?" बघून सांगते म्हटलं होतं. अर्धं बघून झालंय, तेवढं आज लिहिते.

विमानतळावरून रेल्वेत बसलो आणि पंचवीस मिनिटांत युनियन स्टेशनात उतरलो. हॉटेल तिथून चालत सात मिनिटं. टॅक्सीचे पैसे वाचले म्हणून तुझे दाजी खूश. बॅगा ओढत पुढे आणि मी मागे. खोली एकोणिसाव्या मजल्यावर. दोन मोठे पलंग मांडल्यावर उरलीय ती पलंगाभोवतीची पायवाट. पण अशी दोन पलंगांची खोली इथे सर्रास मिळते. तुमची दोघं पोरं अजून एका पलंगावर मावतात, तेव्हा चौघांना एकच खोली पुरेल.

खिडकी भिंतभर मोठी, पण उघडत नाही. पहिल्या रात्री दाजी काचेला नाक लावून खालच्या रुळांवरच्या गाड्या मोजत बसले. दुसऱ्या दिवशी पडदा ओढला तो ओढलेलाच आहे. आम्ही खोलीत असतोच कुठे? सकाळी आठला बाहेर, रात्री दहाला आत. एक दिवस फेरीने बेटांवर, एक दिवस ५५३ मीटर उंच सीएन टॉवर आणि केन्सिंग्टन मार्केट. काल धो धो पाऊस आला, तर 'पाथ' नावाच्या भुयारी बाजारातून छत्री न उघडता स्टेशनापर्यंत आलो. तीस किलोमीटरच्या वर पसरलाय तो, खाली दुकानं आणि वर कचेऱ्यांचे मनोरे. अशा ठिकाणी हॉटेल म्हणजे बॅगा टाकायला आणि पाठ टेकायला जागा. पैसे मोजायचे ते पत्त्याचे. लांबचं स्वस्त हॉटेल घेतलं असतं तर वाचलेले पैसे येण्याजाण्यात गेले असते, आणि पाय दुखले असते ते वेगळंच.

हिशेबाची एक गोष्ट. दाखवतात त्या भावात कर धरलेला नसतो. ओंटारिओत १३ टक्के कर, वर शहराची वेगळी पट्टी. गाडी असेल तर ती रात्रभर उभी करायचेही पैसे. आम्ही गाडी घेतलीच नाही. आणि कचेऱ्यांच्या भागातली हॉटेलं शनिवार-रविवारी बरेचदा स्वस्त होतात, कारण कामासाठी आलेली माणसं शुक्रवारी घरी जातात.

स्टेशनासमोर रॉयल यॉर्क नावाचं अठ्ठावीस मजली हॉटेल आहे. आमच्या खिशाला न परवडणारं, पण त्याच्या दिवाणखान्यात बसायला कोण हटकतंय! कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने १९२९ मध्ये उघडलं. गाडीतून उतरा, रस्ता ओलांडा आणि झोपा, असा सरळ हिशेब. याच रेल्वेने डोंगरातही हॉटेलं बांधली. परवा तिकडे निघतोय.

न्याहारी भाड्यातच होती. वॉफलचं पीठ आपणच साच्यात ओतायचं आणि साचा उलटा करायचा. दाजींनी आंबोळी समजून पीठ ओतलं ते साच्यातून ओट्यावर. मागे रांग. एका बाईंनी हसत कागदी रुमाल पुढे केले. तेव्हापासून दाजी टोस्ट खातात.

तुझी ताई

बॅन्फ, २६ जून

प्रिय मंदा,

चार तास विमान, मग कॅलगरीहून दीड तास बस. घड्याळ दोन तास मागे घेतलं, तरी रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि झोपायची वेळ कळत नाही.

इथली खोली टोरांटोच्या दीडपट भावाने पडली. इमारत तीन मजली, लाकडी, गालिचा जरा जुनाट. दार उघडल्यावर मी मनात म्हटलं, फसलो. दाजी खिडकीपाशी गेले, कडी फिरवली आणि पल्ला बाहेर ढकलला. ओल्या लाकडाचा, देवदारासारख्या झाडांचा गार वास आत आला आणि समोर डोंगर. मग गालिच्याकडे कोणी बघितलं नाही.

इथे दिवसाचा क्रमच उलटा झालाय. दुपारी तीनला आम्ही परत येतो आणि खिडकीपाशी बसतो. परवा अंगणात एल्क आला, आपल्या सांबराहून थोराड. त्याच्यापासून ३० मीटर आणि अस्वलापासून १०० मीटर लांब राहायचं, असा इथला नियम आहे. कचऱ्याचा डबाही अस्वलाला उघडता येऊ नये असा. झाकणावर एक टोप आहे, त्याखाली हात घालून आतला खटका बोटांनी दाबायचा. मी दोन मिनिटं खटपट केली. शेवटी एक लहान मुलगी आली आणि न बोलता उघडून गेली.

इथले भाव शहराच्या उलट चालतात. शनिवार-रविवारी चढतात, मधल्या वारी जरा उतरतात. अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर नाही, केंद्राचा ५ टक्के तेवढा आहे. पण आपल्या घरपट्टी-पाणीपट्टीसारखी पर्यटनाची पट्टी बिलात लागतेच. खरा खर्च जेवणाचा. दोन सूप आणि दोन सँडविच खाऊन आलो आणि दाजींनी बिलाची घडी करून खिशात ठेवली, मला दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून दही, पाव आणि काकडी आणली, मेतकूट बॅगेत होतंच. खोलीत फ्रीज आणि मायक्रोवेव्ह आहे का, हे आधी विचारून घे. आमच्या हॉटेलने बसचा पासही फुकट दिला. हेही विचार.

काल त्याच रेल्वेचं बॅन्फ स्प्रिंग्ज हॉटेल बघून आलो. १८८३ मध्ये रेल्वेच्या कामगारांना इथे गरम पाण्याचे झरे सापडले, त्यापायी पुढे हे राष्ट्रीय उद्यान झालं. रेल्वेचे मुख्य अधिकारी व्हॅन हॉर्न यांना कळलं, की डोंगरातून रूळ टाकले तरी गाडीत बसायला माणसं हवीत. म्हणून १८८८ मध्ये हॉटेल उघडलं. त्याची एक गंमत सांगतात. बांधणाऱ्यांनी नकाशा फिरवून धरला आणि हॉटेल उलटं बांधलं. नदीचा देखावा गेला स्वयंपाकघराच्या वाट्याला! ते लाकडी हॉटेल आता नाही, आजची इमारत दगडी आहे. पण मला त्या स्वयंपाक्यांचं बरं वाटलं. आपल्याकडे स्वयंपाकघराला कधी मिळालाय देखावा?

आणखी एक नवल. ज्या रेल्वेसाठी हे सगळं झालं, तिच्या मार्गावरची रोजची प्रवासी गाडी १९९० मध्ये बंद झाली. आता रुळांवरून मालगाड्या जातात आणि पर्यटकांसाठी एक महागडी गाडी. आपण आपले बसने.

तुझी ताई

कॅलगरी, २ जुलै

प्रिय मंदा,

हे शेवटचं. उद्या विमान.

बॅन्फहून बसने लेक लुईसला गेलो. तळ्याचं पाणी निळं म्हणू की हिरवं, कळेना. वरची हिमनदी जात्यासारखी खडक दळते. ते पीठ इतकं बारीक, की तळाशी न बसता पाण्यात तरंगत राहतं आणि त्यावर ऊन पडून हा रंग दिसतो. काठावर रेल्वेनेच बांधलेलं मोठं हॉटेल आहे. १८९० मध्ये ते लाकडी खोपट होतं. आत एकाच मापाच्या खोल्यांचे दोन भाव: तळ्याकडच्या खोलीचा वेगळा, मागच्या खोलीचा वेगळा. पलंग तोच, उशी तीच, पैसे खिडकीचे. तासभर होडीला शंभराच्या वर डॉलर म्हणाले. आम्ही काठाने चालत पलीकडे गेलो, एक पैसा लागला नाही, आणि तळं तेच.

शेजारच्या मोरेन लेकला २०२३ पासून खासगी गाडी नेता येत नाही. बसची जागा आधी धरावी लागते.

इथे कॅलगरीत पंचतारांकित थाट नसताना भाव मात्र बॅन्फच्या तोंडात मारतील असे. स्टॅम्पीड, म्हणजे इथली घोडे-बैलांची दहा दिवसांची मोठी जत्रा, तोंडावर आलीय. आषाढीला पंढरपुरात खोली मागण्यासारखं झालं. तुम्ही या दिवसांत कॅलगरीत मुक्काम ठेवू नका.

तर माझं उत्तर असं. टोरांटोत दोन-तीन रात्री, स्टेशनाजवळ, खोली लहान चालेल. डोंगरात चार रात्री, मधल्या वारी. तिथे खिडकीसाठी चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या, कारण तिथे तुम्ही खोलीत जागे असाल. मोठ्या हॉटेलात राहू नका, जाऊन बसा. सुरेशराव कुरकुरतील, पण त्यांना एकदा त्या खिडकीपाशी बसव.

हे लिहितेय आणि दाजी सवयीने उठून खिडकीशी गेले. काचेवरून हात फिरवला, कडी शोधली. कडी नाहीच. परत येऊन बसले, आणि बॅन्फचं बिल काढून पुन्हा बघतायत.

आणि हो, प्लास्टिकचा मग घरूनच आण. इथे शहरातल्या हॉटेलात मिळत नाही, डोंगरातल्या तर नाहीच.

मुलांना गोड पापा.

तुझी ताई