यामे

नौबादच्या आमच्या कराटेच्या वर्गातली मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत कन्नड आणि गल्लीत दखनी. मोजणी मात्र जपानी: इची, नी, सान, शी. त्यामुळे भांडण मिटतं.

तो नऊ वर्षांचा. वडील दंडाला धरूनच घेऊन आले. "सर, हा एका जागी बसतच न्हाई. जरा शिस्त लावा." हे त्याच्यासमोरच. डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलं होतं. नुसत्या वांडपणाला हे नाव मिळत नाही. लक्षणं बाराव्या वर्षाआधीची, किमान सहा महिने टिकलेली आणि घर-शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसणारी लागतात.

पहिल्याच महिन्यात मी चुकलो. रांग मोडली म्हणून त्याला किबा दाचीत, घोड्यावर बसल्यासारखा, भिंतीकडे तोंड करून उभा केला. पुढे कितीतरी दिवस किबा दाची म्हटलं की त्याला तहान लागायची. पवित्र्याची मी शिक्षा करून ठेवली होती.

अशा पोराला ठोसा मारायला काय शिकवायचं? हात-पाय आधीच सुटलेले. शिकवायचं ते थांबणं. म्हणून आम्ही पळतो आणि 'यामे' ऐकलं की गोठतो. आधी दोन सेकंद, मग पाच. रांग तिघांची, सूचना एका वेळी एकच. पाळी नसेल त्यानं पॅड धरायचं, कारण रिकाम्या हातानं वाट पाहणं त्याला सगळ्यात जड जातं.

काता, म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली, राहिली होती. हेआन शोदानच्या २१ हालचाली. त्याचं मन सहावीलाच पसार. एकदा त्याला इथल्या बहमनी काळच्या कारेझवर नेलं. जमिनीखालून हलक्या उतारानं पाणी चालतं आणि मध्ये मध्ये हवेच्या विहिरी. हात धरून काठाशी उभा केला, तर खाली बघत तो बराच वेळ हललाच नाही. परत येताना मी कातेचे तसेच तुकडे पाडले. चार हालचाली, श्वास, पुन्हा चार. इतोसू आंकोंनी १९०१च्या सुमारास कराटे ओकिनावाच्या शाळेत नेलं. त्यांच्याही वर्गात असा एखादा असणारच.

गोळ्या सोडवायला मात्र माझ्याकडे येऊ नका, ते डॉक्टरांचं काम. आणि पोराची तक्रार सांगायची असेल तर फोन करा. त्याच्यासमोर नको.