चिमणीची चौकट

आप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांचा तिकिटांचा अल्बम उघडला की डिंकाचा आणि कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येतोच.

आप्पा सोलापूरला शाळामास्तर होते. जमवायची ती फक्त पक्ष्यांची तिकिटं, आणि तीही शिक्का बसलेली. कोरी त्यांना नको असत. "प्रवास करून आलेला पक्षी हवा," म्हणायचे. रविवारी दुपारी पितळी परातीत पाणी घेऊन पाकिटांचे कातरलेले तुकडे त्यात सोडायचे. डिंक सुटला की तिकीट कागदावरून आपसूक निसटायचं. मग चिमट्यानं अलगद उचलून ते टिपकागदावर पालथं घालायचं, वर जाडजूड शब्दकोश. १९७५ च्या संचातले नवरंग आणि हळद्या मी असे सुटताना पाहिले. ओलेपणी त्यांचे रंग किती गडद दिसायचे!

१९८० मध्ये जयपूरच्या परिषदेनिमित्त माळढोकाचं २ रुपये ३० पैशांचं तिकीट निघालं. ते हाती लागल्यावर आप्पांनी लगेच चिकटवलं नाही. आधी मला एसटीनं नान्नजला नेलं. दूर गवतात मान ताठ करून उभा असलेला माळढोक दाखवला, मगच तिकीट अल्बममध्ये गेलं. आता नान्नजला माळढोक बातमी व्हावी इतका क्वचित दिसतो.

१९९४ च्या पाणपक्ष्यांच्या संचाचं दुःख मात्र माझ्याच हातचं. त्यातलं गुलाबी डोक्याच्या बदकाचं तिकीट एका पाकिटावर आलं आणि आप्पा घरी नसताना, त्यांना खूश करावं म्हणून, मी ते परातीत सोडलं. पाण्यात रंग उतरू लागला. त्या तिकिटांची शाई पाण्यात विरघळणारी होती आणि म्हणून ती विक्रीतून काढूनही घेतली होती, हे मला नंतर कळलं. आप्पा रागावले नाहीत. तो फिकटलेला कागद त्यांनी वाळवला आणि जागेवर चिकटवला. म्हणाले, "हे बदक १९३५ नंतर कुणाला खात्रीनं दिसलेलं नाही. असू दे असंच."

शेवटच्या पानावर पेन्सिलीनं आखलेली एक रिकामी चौकट आहे. खाली आप्पांचं अक्षर: 'चिमणी. येईल.' मोनाल, ट्रॅगोपान यांना मान मिळाला, अंगणातलीला नाही, याची त्यांना मनापासून खंत होती.

ती आली ९ जुलै २०१० ला, कबुतरासोबत. आप्पा त्याच्या आदल्या महिन्यात गेले होते. मी ते तिकीट एका रिकाम्या पाकिटावर लावलं, वर आप्पांचं नाव आणि घरचा पत्ता घातला आणि पेटीत टाकलं. चार दिवसांनी पोस्टमननं पाकीट आणून दिलं. रविवारी मी परात काढली.

तिकीट आप्पांनी आखलेल्या चौकटीपेक्षा थोडं मोठं निघालं.