वगळलेल्या पायऱ्या

सिगिरियाचा कातळ सपाट रानातून एकदम दोनेकशे मीटर वर उठतो. ड्युरान ड्युरान या इंग्रज बँडच्या ‘सेव्ह अ प्रेअर’च्या व्हिडिओत तो हेलिकॉप्टरमधून दिसतो, माथ्यावर बँडमधली मंडळी उभी. 1982 साली रसेल मल्काही या दिग्दर्शकाने हा व्हिडिओ श्रीलंकेत चित्रित केला, ‘हंग्री लाइक द वुल्फ’चाही तिथेच. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं होतं आणि त्याला दिवसरात्र दाखवायला गाणी हवी होती. परमुलखात जाऊन व्हिडिओ करण्याच्या चालीला त्यातून बळ मिळालं. ‘सेव्ह अ प्रेअर’मधला दक्षिण किनारा, सिगिरिया आणि पोलोन्नरुवा हा पट्टा मी रस्त्याने केला, आणि जसजसा पुढे गेलो तसतसं एक मत पक्कं होत गेलं: जगभर फिरून केलेल्या अशा व्हिडिओत पहिली कात्री प्रवासालाच लागते.

दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉलपासून सिगिरिया रस्त्याने अडीचशे किलोमीटरहून लांब आहे. व्हिडिओत हे अंतर एका कटमध्ये संपतं. रस्त्याने जाताना मात्र नैर्ऋत्येचा भरपूर पावसाचा, नारळ-रबराचा मुलूख मागे पडतो आणि कोरडा प्रदेश सुरू होतो. इथे पाऊस मोसमापुरता, म्हणून जुन्या राजांनी जागोजाग तलाव बांधले. बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहूचं पोलोन्नरुवा उभं राहिलं ते अशा साठवलेल्या पाण्यावर. तिथल्या गल विहारात चौदा मीटर लांबीची निजलेली बुद्धमूर्ती आहे. डोक्याच्या भाराने दगडी उशी दबलेली दिसते, आणि वरचं पाऊल खालच्यापेक्षा किंचित मागे सरकलेलं. हे महापरिनिर्वाण आहे, झोप नव्हे, ते या पावलांवरून ओळखायचं. हे कळायला मूर्तीपाशी थांबावं लागतं. गाण्याच्या ठेक्यावर दृश्य बदलत राहिलं की उरतात ते फक्त ‘पूर्वेकडचे प्राचीन अवशेष’.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: गाणं म्हणजे काही माहितीपट नव्हे. मान्य. ‘सेव्ह अ प्रेअर’ हे एका रात्रीच्या भेटीचं गाणं आहे, त्यात श्रीलंकेचा उल्लेखही नाही. पण नेमकं त्यामुळेच हे बेट नुसता पडदा होऊन मागे उरतं. दुसरा आक्षेप आपल्याला जास्त बोचणारा आहे: हिंदी सिनेमाने स्वित्झर्लंडचं दुसरं काय केलं? तेच केलं. फरक इतकाच, की स्वित्झर्लंडची ओळख सांगायला त्याची घड्याळं, बँका आणि पर्यटनखाती समर्थ होती. इंटरलाकेनने तर यश चोप्रांचा पुतळाच उभारला. श्रीलंकेचं तसं नव्हतं. ‘हंग्री लाइक द वुल्फ’ 1983च्या सुरुवातीला अमेरिकेत गाजत होतं, आणि त्याच वर्षी जुलैत तमिळांविरुद्धच्या दंगली उसळून 2009पर्यंत चाललेलं युद्ध पेटलं. त्याचा दोष व्हिडिओला देणं वेडेपणाचं होईल. पण ज्या बेटावरची माणसं नुसती पार्श्वभूमी म्हणून दिसली होती, तिथल्या माणसांच्या बातम्या त्या प्रेक्षकाला परक्या वाटल्या, तर नवल कसलं?

तिसरा आक्षेप असा, की परक्याची नजर नेहमी वरवरचीच असते. त्याला उत्तर सिगिरियातच आहे. माथ्यावर जायला सुमारे 1200 पायऱ्या आहेत. अर्ध्या वाटेवर पाचव्या शतकातली स्त्रियांची भित्तिचित्रं आणि शेजारी गुळगुळीत गिलाव्याची आरसेभिंत. त्या भिंतीवर शेकडो वर्षं येणाऱ्याजाणाऱ्यांनी चित्रातल्या स्त्रियांवर कविता कोरल्या. पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी त्यातल्या 685 वाचून 1956 साली प्रसिद्ध केल्या. हेही पाहुणेच, भुललेले, काही थिल्लरसुद्धा. पण ते चढून आले, चित्रांसमोर थांबले, आणि कित्येकांनी आपलं नावगाव लिहिलं. म्हणून ती भिंत आज इतिहासाचा पुरावा ठरते. पॉप व्हिडिओकडे मी एवढंच मागेन: चार मिनिटांतलं एखादं मिनिट त्या चढणीला द्या, आणि जागेचं नाव पडद्यावर येऊ द्या. त्याने गाण्याची गोडी तसूभरही कमी होणार नाही.