भागाकार आणि गुणाकार

आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळली आणि कल्चरचा रिपोर्ट आमच्या हाती आला. आम्ही दोघेही भावंडे भाषेचे शिक्षक. वाचणे हाच आमचा व्यवसाय. तो कागद मात्र आम्हाला वाचता येईना. डावीकडे औषधांची नावे, उजवीकडे 'एस' किंवा 'आर'. 'आर' म्हणजे औषधाला न जुमानणारा, एवढे कळले; पानावर 'आर'च अधिक होते. जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस, मेथिसिलिनला दाद न देणारा. व्हॅन्कोमायसिनने आई बरी झाली. आम्हाला मात्र त्या रात्रींपासून जीवशास्त्र वाचण्याची खोड लागली.

जिवाणूच्या बाबतीत भागाकार हाच गुणाकार असतो. एकाचे दोन होताना पेशीच्या मध्यावर एफटीएसझेड या प्रथिनाचे कडे तयार होते आणि तेथेच नवी भिंत उभी राहते. बी आणि लुटकेनहाउस यांनी हे कडे १९९१ साली दाखवून दिले. आम्हा भाषेच्या माणसांना अधिक रुचली ती नावाची कथा. ई. कोलायच्या काही उत्परिवर्तित वाणांना ४२ अंशांवर वाढता येई, पण विभागता येत नसे. त्यांचे लांबच लांब धागे होत. 'फिलामेंटिंग टेम्परेचर-सेन्सिटिव्ह' या शब्दांवरून एफटीएस. म्हणजे प्रथिन विभाजन घडवणारे आणि नाव पडले ते विभाजन अडल्यावर जे दिसले त्यावरून! (व्याकरणाचे नियमही आपल्याला चुकांवरूनच सापडतात, पण ते असो.)

याच प्रथिनाला अडवणारे पीसी-१९०७२३ हे संयुग ऑक्सफर्डच्या प्रोलिसिस कंपनीतील संशोधकांनी २००८ साली 'सायन्स'मध्ये जाहीर केले. प्राणघातक संसर्ग झालेले उंदीर त्याने वाचले. गंमत अशी की हे संयुग प्रथिनाचे धागे तोडत नाही, उलट नको तितके घट्ट धरून ठेवते. गोल स्टॅफिलोकॉकस मग दुभंगू न शकल्याने नुसताच फुगत जातो. २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: या संयुगाच्या जोडीने दिल्यास पेनिसिलिनच्या कुळातील निष्प्रभ झालेली औषधे मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूवरही पुन्हा चालतात. या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. आईच्या कागदावर याच कुळापुढे 'आर' होते.

पण ते संयुग पाण्यात नीट विरघळत नाही, आणि एफटीएसझेडच्या जनुकात एखादा बदल झाला की जंतू त्यालाही चुकवतो. त्याच्या सुधारित वंशजांवर काम झाले. रुग्णाला लिहून देता येईल असे औषध अजून झालेले नाही.

आईचा दुसरा गुडघाही आता दुखतो. शस्त्रक्रियेची तारीख आम्ही दोनदा पुढे ढकलली आहे. ती अधूनमधून विचारते, "काय रे, आलं का तुमचं ते औषध?"