अंजिराचं पान, गंगेचा गाळ

सिसिली आणि ट्युनिशिया यांच्या मधल्या समुद्रात पँतेलेरिया नावाचं काळ्या लाव्हाचं बेट आहे. फॅशन डिझायनर जॉर्जिओ अरमानी यांचं तिथं घर होतं. त्यांच्या नावाचं ‘अक्वा दि जिओ’ हे पुरुषांसाठीचं अत्तर १९९६ साली आलं, त्यामागे हेच बेट होतं. तिथलं ऊन, तिथलं पाणी, तापलेला खडक. आल्बेर्तो मोरियास या अत्तरकारानं ते सारं एका बाटलीत बसवलं. समुद्राचं पाणी भट्टीवर चढवलं तर तळाशी मीठ उरतं, समुद्राचा वास काही हाती लागत नाही. तो उभा करावा लागतो. १९६६ साली फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत कॅलोन नावाचं रसायन सापडलं. त्यात कलिंगडाची फोड आणि खारा वारा एकदमच जाणवतात. पुढे सागरी म्हणवणाऱ्या कितीतरी अत्तरांनी त्याचाच आधार घेतला.

त्याच समुद्राच्या दक्षिण काठावर, ट्युनिशियातल्या हम्मामेत गावात, लैला मेन्शारी यांची बाग. पॅरिसच्या एरमेस या पेढीच्या दर्शनी खिडक्या त्या वर्षानुवर्षं सजवत. भूमध्य समुद्राच्या काठच्या बागेचं अत्तर करायचं म्हणून जाँ-क्लोद एलेना तिथं गेले होते. पाहुण्यांची सरबराई करणाऱ्या एका मुलीनं जाता जाता अंजिराचं पान तोडलं, चुरगाळलं, नाकाशी धरलं आणि ती हसली. एलेना यांना जे हवं होतं ते मिळालं. २००३ साली ते अत्तर बाजारात आलं. एलेना यांनी ही हकीकत मोकळेपणानं सांगितली आहे, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. पण त्या मुलीचं नाव बाटलीवर नाही, आणि हे मला सलतं. निसर्गाचा म्हणून जो सुगंध आपण विकत घेतो, त्यात कुणाचे तरी हात असतात. १९११ साली पॉल प्वारे या शिंप्यानं आपल्या लेकीच्या नावानं ‘रोझीन’ ही अत्तरांची पेढी काढली. पुढे कपडे बेतणाऱ्याची सही अत्तरावर येऊ लागली. पानं तोडणारे हात त्या सहीच्या मागे राहिले.

बनारसच्या दशाश्वमेध घाटावर बसलं की हे सगळं मला पुन्हा पुन्हा आठवतं. फॅशनच्या दुनियेतली माणसं बनारसला येतात ती जरीसाठी, रेशमासाठी. मदनपुऱ्यातल्या मागांवरून रंग घेऊन जातात. या गावाच्या वासाकडे मात्र कुणी फारसं वळत नाही. कुणी वळलंच, कुणी मनावर घेऊन या घाटाच्या नावानं अत्तरांचं घर काढायचं ठरवलंच, तर त्यानं काय घ्यावं आणि काय वगळावं?

घाट आपल्याला परका नाही. १७४८ साली नानासाहेब पेशव्यांनी तो बांधवला असं सांगतात. लगतचा घाट अहिल्याबाईंच्या नावाचा आहे, आणि वर गल्लीत गेलं की ज्या विश्वनाथाला आपण हात जोडतो त्याचं देऊळ त्यांनीच १७८० मध्ये उभं केलं. ब्रह्मदेवानं इथं दहा अश्वमेध केले ही कथा खरी मानायची, तर या जागेचा पहिला वास होमाच्या धुराचाच.

पहाटे ओल्या दगडाचा वास असतो. त्यात मालिश करून घेणाऱ्यांच्या अंगावरचं मोहरीचं तेल, पिळून टाकलेली धोतरं, टोपलीतला झेंडू. मोठ्या छत्र्यांखाली घाटिये, म्हणजे घाटावरचे पुरोहित, आरसा, फणी आणि चंदनाची वाटी मांडून बसलेले असतात. गंध लावताना ते कपाळावर बोट क्षणभर दाबून धरतात आणि चंदनाचा गारवा डोळ्यांपर्यंत उतरतो. दुपारी पायऱ्या भाजून निघतात. पालथ्या घातलेल्या होड्यांना डांबर फासलेलं असतं, त्याचा उग्र दर्प येतो. संध्याकाळी आरती: तूप, कापूर, गुग्गुळाच्या धुपाचे लोट. आणि वारा उत्तरेकडून फिरला की मणिकर्णिकेचा धूर येतो. आंब्याचं लाकूड, तूप आणि चितेवर मूठमूठ टाकलेली राळ.

हा शेवटचा वास कुठलीही पेढी वगळेल. भूमध्य समुद्राच्या अत्तरांत लिंबू असतं, अंजीर असतं, ऊन असतं. पँतेलेरियाच्या वाऱ्यात केपरच्या झुडपांवर वाकून कळ्या खुडणाऱ्यांचा घाम नसतो. तिथं ते चालून जातं. दशाश्वमेधाचा धूर काढून टाकला तर मागे उरेल ते कुठल्याही देवळाचं अत्तर असेल. राळ तर अत्तरकारांच्या जुन्या ओळखीची आहे, धूप-लोबानाच्या कुळातली. तिला तळाशी ठेवावं, वर चंदन यावं, आणि मोहरीच्या तेलाचा किंचित तिखटपणा अगदी सुरुवातीला जाणवून जावा. माझी मागणी एवढीच आहे, आणि ती अवघड आहे हे मला कळतं.

हे करणारे हात मात्र जवळच आहेत. गंगेच्या प्रवाहाबरोबर खाली गेलं की गाझीपूर. बिशप हेबर १८२४ साली तिथून गेला, तेव्हा तिथल्या शेकडो एकरांच्या गुलाबमळ्यांबद्दल त्यानं लिहिलं. रात्री उघड्यावर ठेवलेल्या गुलाबपाण्यावर पहाटे तेलाची तवंग धरते, ती अलगद टिपून घेत. रुपयाच्या वजनाइतक्या अत्तराला दोन लाख फुलं लागतात, असं त्यानं नोंदवलं आहे. दोन लाख वेळा कुणीतरी काट्यांत हात घातला. बनारसच्या दुसऱ्या अंगाला जौनपूर, चमेलीच्या तेलाचं गाव. तिथं तिळाच्या थरावर फुलांचा थर, पुन्हा तीळ, पुन्हा फुलं असं रचत जातात. सुकलेली फुलं काढून रोज ताजी घालतात आणि फुलांनी भारलेले तीळ शेवटी घाण्यात जातात. फ्रान्सच्या ग्रास गावात हेच काम जनावराच्या चरबीवर व्हायचं. ग्रासची ही विद्या २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेली. जौनपूरच्या फुलेलाला असं कुणी गौरवलेलं नाही.

आणि जरा लांबचं कनौज. फुलं उकळायचा तांब्याचा देग, वाफ नेणारा बांबूचा चोंगा, पाण्याच्या हौदात बुडवलेला भपका, सांध्यांवर मातीचा लेप. आच किती हवी हे कारागीर देगाला हात लावून, आतल्या उकळीचा आवाज ऐकून ठरवतात. भपक्यात चंदनाचं तेल असतं, ते वाफेतला गंध पिऊन घेतं. चंदन महागल्यापासून पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी पॅराफिन आलं आहे. त्यातलं गुलाब अत्तर मनगटावर घटकाभर टिकतं आणि विरून जातं. याच भट्ट्यांत भाजलेल्या मातीच्या चकत्या घालून मातीचं अत्तर काढतात. बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९६४ साली पहिल्या पावसाच्या वासावर निबंध लिहिला, तेव्हा त्यांनी उत्तर प्रदेशातल्या या अत्तराची दखल घेतली होती. कनौजच्या कारागिरांनी हा वास त्यांच्या कितीतरी आधी कुपीत धरला होता.

ही विद्या ग्रंथांतही होती, आपल्या मराठीतही. वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त सोळा द्रव्यांच्या वेगवेगळ्या मिश्रणांतून होणाऱ्या गंधांची संख्या मांडली आहे: १,७४,७२०. आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेत हस्तलिखितांची राखण करणाऱ्या परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ हे ग्रंथ अभ्यासकांपुढे आणले. पुढे ते बडोद्याहून छापून निघाले. ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे. कुणा मराठी माणसानं गंध कसा सिद्ध करावा हे आपल्या भाषेत समजावून सांगितलं, आणि त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. त्या अनाम टीकाकाराबद्दल मला फार जवळीक वाटते.

म्हणून वाटतं, घाटाचं अत्तर एका बाटलीत मावणार नाही. बनारसी माणूस अत्तर ऋतूप्रमाणे बदलतो: उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना नाही तर शमामा. घाटही बदलतो. भर पावसात गंगा पायऱ्या गिळते आणि आरती वर गच्चीवर जाते. पाणी ओसरलं की पायऱ्यांवर गाळ उरतो, आणि पंपाच्या फवाऱ्यानं तो धुऊन नदीत ढकलण्याचं काम दिवसचे दिवस चालतं. त्या दिवसांत घाटावर दुसरा वासच नसतो. थंड, लोखंडी, कुजक्या पानांचा आणि तरीही हवासा. कनौजच्या कारागिराला तो गाळ द्यावा, चकत्या थापून भाजाव्यात, आश्विनाची बाटली त्यातून निघेल. ज्येष्ठाची वाळ्याची, पौषाची धुराची आणि राळेची.

चैत्राची गुलाबाची. चैत्रात बनारसमध्ये गुलाबबाडी भरते. पांढरे कपडे, गळ्यात गुलाबी दुपट्टे, पाकळ्यांचा वर्षाव आणि चैतीचं गाणं. पेढी काढणाऱ्यानं सुरुवात या बाटलीपासून करावी. फुलाचा हंगाम थोडक्या आठवड्यांचा. ऊन चढायच्या आत फूल खुडलं नाही तर वास उडतो. तेव्हा त्यानं दुकानाची जागा आणि बाटलीचा आकार ठरवण्याआधी गुलाबाच्या मळ्यांत पहाटे जावं, खुडणाऱ्या बायकांना किलोला काय भाव मिळतो ते विचारावं, तो वाढवून द्यावा, आणि लेबलावर छापायला त्यांची नावं, त्यांच्या परवानगीनं, लिहून घ्यावीत.