विचारायचं राहून गेलं

आम्ही दोघी बहिणी. एक पेणला दिलेली, दुसरी रोह्याला. गाडीनं तासाभराची वाट, त्यामुळे एकीच्या घरचं बाळंतपण दोघींचंच असतं.

थोरलीच्या लेकीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथं पाठीत बारीक नळी घालून औषध सोडतात, एपिड्यूरल म्हणतात त्याला. अर्ध्या तासात पोरगी हसून बोलायला लागली. आम्ही अल्लाहचे आभार मानले आणि चहा प्यायला गेलो.

तिला पेशाबचं कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही. दाराबाहेर जावई, दीर उभे. असले शब्द आमच्या घरात बायका कुजबुजतच बोलतात. शिवाय तिला लागलीच नव्हती. लागणार कशी? कमरेखालच्या ज्या नसा त्या औषधानं बधिर होतात, त्यांच्यातूनच मूत्राशय भरल्याची खबर वर जाते. कळ थांबते तशी ती खबरही थांबते, आणि इकडे सलाईन चालूच असतं.

संध्याकाळच्या पाळीच्या नर्सबाईंनी आल्या आल्या ओटीपोटावर हात ठेवला.

"शेवटची लघवी कधी झाली?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सकाळी, घरून निघताना!

नळी घातली तर पिशवीत ९०० मिली. चारशे-पाचशेला धडधाकट माणूससुद्धा जागा शोधू लागतो. भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याची वाट अडवतं, आणि बाळंतपणानंतर तसंच राहिलं तर गर्भाशय नीट आकसत नाही, रक्त जास्त जातं. हे सारं बाईंनी काम करता करता सांगितलं. प्रसूतीच्या नोंदीचा जो तक्ता असतो, पार्टोग्राफ, त्याच्या तळाशी लघवीची ओळ असते. आमच्या लेकीच्या कागदावर ती कोरी होती.

बाळ रात्री सुखरूप आलं. पण लेकीला पेशाब होईना. फार ताणलेलं मूत्राशय लगेच आकसत नाही. ती नळीसकट घरी आली. बाळ पाहायला बायका आल्या की ती पिशवी ओढणीखाली लपवायची. कळांना न रडलेली पोर तेव्हा रडली.

सुईला आम्ही दोष देत नाही. कळा सोसल्याशिवाय आईपण नाही म्हणणाऱ्यांशी आमचं कधी पटलं नाही. फक्त, जे तिला कळत नाही ते दुसऱ्या कुणी तरी लक्षात ठेवायला हवं. आमची रोह्याची नानी दाईपण करायची. कळा देणाऱ्या बाईला सारखी म्हणायची, "ऊठ गं, जाऊन ये." आम्हाला वाटायचं, चालवण्यासाठी म्हणते.

धाकटीच्या सुनेच्या वेळी आम्ही वहीत वेळा लिहिल्या. दर दोन-तीन तासांनी भांडं. नाहीच झाली तर नर्सबाईंना हाक. बाळंतपणानंतर सहा तासांच्या आत पहिली, तीही मोजून. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सून वैतागली, "खाला, पुरे की आता!"

आम्ही चौथ्यांदाही विचारलं.